घरफोडीचा खटला हाती घेताना

प्रिय,

घरफोडीचं वकीलपत्र पहिल्यांदाच तुझ्या एकट्याच्या नावावर आलं आहे आणि सुरुवात कुठून करावी असा तुझा प्रश्न आहे. चार्जशीटमधला जप्ती पंचनामा आधी वाच, फिर्याद नंतर. बहुतेक घरफोड्यांत फिर्याद अज्ञात चोरट्याविरुद्ध असते. घर फोडताना कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. तुझ्या अशिलाला त्या घराशी जोडणारा धागा म्हणजे त्याच्याकडून मिळाला म्हणून दाखवलेला मुद्देमाल. तो धागा टिकला तर शिक्षा, तुटला तर बहुधा काहीच उरत नाही.

फिर्यादीत दोनच गोष्टी बारकाईने बघ. पहिली गोष्ट घटनेची वेळ. समज, कुटुंब शनिवारी दुपारी कुलूप लावून लग्नाला गेलं आणि सोमवारी सकाळी परतलं तेव्हा कडीकोयंडा तुटलेला. पोलीस सरळ भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१(४) लावतात (१ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं ४५७), म्हणजे रात्रीची घरफोडी, चोरीसाठी असेल तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा. पण रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय, आणि त्या दोन दिवसांत चोर रविवारी भर दुपारी शिरला नाही हे कुणाच्या जबाबात आहे? दिवसाची असेल तर ३३१(३), कमाल १० वर्षं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी स्वतः ३ वर्षांपेक्षा जास्त देऊ शकत नाहीत, म्हणून बरेच वकील हा मुद्दा सोडून देतात. सोडू नकोस. जामिनाच्या वेळी कोर्ट कागदावरचा १४ चा आकडा बघतं. तुटलेलं कुलूप जप्त आहे का, हेही घटनास्थळाच्या पंचनाम्यात बघ. दार उघडंच राहिलं असेल तर घरफोडीच्या व्याख्येतल्या सहा प्रकारांपैकी कोणता बसतो, ते सरकार पक्षाला सांगावं लागेल.

दुसरी गोष्ट वस्तूंचं वर्णन. ‘चार तोळ्यांचं गंठण’ एवढंच लिहिलेलं असतं. नक्षी, पावती, फोटो काही नाही. मग आठवड्याभराने पुरवणी जबाब येतो आणि त्यात नेमकं जप्त झालेल्या दागिन्यासारखं वर्णन असतं. पुरवणी जबाबाची तारीख जप्तीनंतरची असेल तर तुझं निम्मं काम झालं.

सोनं वितळवलेलं असेल तर आणखी थांबून बघ. सराफाकडून ‘लगड’, म्हणजे वितळवून ओतलेला सोन्याचा तुकडा, जप्त होते. लगडीला ओळख नसते; फिर्यादी कोर्टात ‘हे माझं सोनं’ म्हणाला तरी ते कशावरून? मग सगळा भार वजनावर आणि सराफाच्या शब्दावर येतो. तोळा बाजारात १० ग्रॅमचा धरतात, जुन्या हिशेबात ११.६६ ग्रॅमचा, फिर्यादीने कोणता धरला ते विचार. वजन कुणाच्या काट्यावर केलं, शुद्धता कुणी तपासली, सराफाच्या वहीत त्या दिवशीची खरेदीची नोंद आहे का, लगड सील करून पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली का? चोरीचा माल घेतल्याबद्दल सराफावरच गुन्हा होऊ शकत असताना तो साक्षीदार झाला असेल, तर स्वतःची मान सोडवायला बोलतो आहे हे कोर्टापुढे शांतपणे मांड. रोख रकमेबाबत एवढंच, की नोटांचे क्रमांक आधी नोंदलेले नसतील तर पैशांना ओळख नाही.

आता निवेदन पंचनामा, म्हणजे माल काढून देतो असं आरोपी पंचांसमोर सांगतो तो कागद. त्यातलं नेहमीचं वाक्य असं असतं: ‘मी साथीदारासह फिर्यादीचे घर फोडून चोरलेले दागिने माझ्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये लपवून ठेवले आहेत, ते काढून देतो.’ पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात येत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाखाली (जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७) येतो तो फक्त शोधाशी जोडलेला भाग. म्हणजे ‘दागिने शेडमध्ये लपवून ठेवले आहेत, काढून देतो’ एवढंच. ‘घर फोडून चोरलेले’ बाहेर. पुलुकुरी कोटय्या (एआयआर १९४७ प्रिव्ही कौन्सिल ६७) या निकालात हे ठरलं आणि आजही तोच कायदा आहे. पंच पिंजऱ्यात असताना सरकारी वकील अख्ख्या कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, मागतात. त्याच क्षणी उभं राहून ‘फक्त ग्राह्य भागालाच निशाणी द्यावी’ अशी हरकत नोंदवून घे. युक्तिवादात बोलायचं म्हणून गप्प बसलं तर तोवर ती कबुली न्यायाधीशांच्या वाचनात येऊन गेलेली असते.

मग वेळा जुळव. निवेदन २.१० ते २.४०, शेड ३५ किलोमीटरवर, जप्ती २.५० ला सुरू: असले पंचनामे ठाण्यात बसून लिहिले जातात, आणि ते कागदच सांगतात. स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक, मालखान्याचं रजिस्टर मागवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ९४ खाली अर्ज दे. याच नव्या संहितेत कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. व्हिडिओ मागून घे, तो जप्तीच्या क्षणापासून सुरू होतो की माल आधीच बाहेर काढून ठेवलेला दिसतो ते बघ, आणि सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र आहे का तेही. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत टिकत नाही, हे अर्जुन पंडितराव खोतकर (२०२०) निकालाने पक्कं केलं आहे.

‘उघड्या जागेवरून जप्ती, म्हणून निरर्थक’ हा युक्तिवाद मात्र डोळे झाकून करू नकोस. जागा सर्वांना खुली असली तरी वस्तू पुरून किंवा दडवून ठेवलेली असेल तर शोध ग्राह्य ठरतो, हे हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जीत सिंग (१९९९) मध्ये सांगितलं आहे. चोरीनंतर किती दिवसांनी माल सापडला, हा प्रश्न जास्त मोलाचा. ताब्यावरून चोरीचं गृहीतक लगेचच्या ताब्यालाच लागू होतं, आणि ‘लगेच’ वस्तूप्रमाणे बदलतं: हातोहात फिरणारा मोबाइल वेगळा, सोनं वेगळं.

उलटतपासात फिर्यादीवर तुटून पडू नकोस. त्याचं खरोखर गेलेलं असतं. चोरी झालीच नाही असं सुचवून तू कोर्टाची सहानुभूती घालवतोस. वेळ, वर्णन, पुरवणी जबाब, एवढं विचारून बसून घे. जबाबात नसलेली गोष्ट साक्षीत आली तर ती सुटलेली बाब साक्षीदाराकडून नोंदवून घे आणि तपासी अंमलदाराकडूनही सिद्ध करून घे. दुसरा अर्धा भाग राहिला तर पहिल्याचा उपयोग शून्य. पंचाला विचार, याआधी याच ठाण्यासाठी किती वेळा पंच होता. ओळख परेड असेल तर एका आरोपीबरोबर किमान सहा इतर माणसं होती का, आणि त्याआधी आरोपीचा फोटो वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअॅपवर फिरला होता का, ते तपास.

रिमांड रिपोर्टमधला ‘आरोपी सराईत आहे’ हा शेरा वाचून दबून जाऊ नकोस. पूर्वीचे गुन्हे दाखल असणं हा या गुन्ह्याचा पुरावा नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला रद्द झाला, तरी पारधी वस्तीतल्या पोराला आधी उचलायचं आणि पुरावा मागून शोधायचा ही सवय गेलेली नाही. अशा अशिलासाठी अटकेची वेळ, अटकेची लेखी कारणं, नातेवाइकांना दिलेली खबर आणि जन्मदाखला पहिल्याच दिवशी बघ. अठराच्या आतला निघाला तर खटला या कोर्टात चालणारच नाही.

चार्जशीट मुदतीत आलं नाही तर हक्काने मिळणाऱ्या जामिनाचे दिवस मोज. पहिल्या रिमांडचा दिवसही धरायचा. राकेश कुमार पॉल (२०१७) प्रमाणे किमान शिक्षा १० वर्षं नसेल तर मुदत ६० दिवस. नव्या संहितेतल्या शब्दांवरून सरकार पक्ष ९० म्हणेल, त्याचं उत्तर तयार ठेव. एकसष्टाव्या दिवशी कोर्ट बसताच अर्ज दे. चार्जशीट आधी आलं तर हक्क गेला. एका अटकेवर पाच गुन्हे ‘उघडकीस’ आणून अशिलाला एकातून दुसऱ्यात वर्ग करत असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळ्या पानावर ठेव. पाच ठिकाणी पाच जामीनदार गरिबाला मिळत नाहीत. गिरीश गांधी (२०२४) निकालात तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, तो दाखव.

सात-आठ महिने आत राहिलेला अशील ‘कबूल करतो, भोगलेल्या दिवसांत सोडवा’ म्हणेल. त्याची घाई समजून घे, पण ती शिक्षा पुढे अशाच मालमत्तेच्या गुन्ह्यांच्या खटल्यांत न्याय संहितेच्या कलम १३ खाली जादा शिक्षेचं कारण बनू शकते, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत सांगितल्याशिवाय होकार घेऊ नकोस.

पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण कायम राहत नाही. परमवीर सिंग सैनी (२०२०) निकालात ते १८ महिने, नाहीतर निदान वर्षभर जपायला सांगितलं आहे. तुझ्या चार्जशीटमध्ये निवेदन ज्या दिवशी दाखवलं आहे, त्या दिवसाचं चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज बाकी सगळं बाजूला ठेवून उद्याच दे.

कळावे.