कोटेशनच्या आधी मल्टिमीटर

प्रिय,

हॉस्पिटलच्या मशीनचा दर पाडून दिला तरी चिकोडी-रायबागकडचे डॉक्टर ऑर्डर देत नाहीत, कंपनीला काय सांगू, असं तू विचारलंस. कंपनीचं नंतर बघू. आधी त्या डॉक्टरच्या जागी बसून बघ. पंधरा-वीस खाटांचं नर्सिंग होम, बँकेचा हप्ता चालू, आणि तुझा सर्व्हिस इंजिनिअर हुबळीला, नाहीतर थेट बंगळूरला. रविवारी रात्री मशीन बंद पडलं की पेशंट मिरजेला किंवा बेळगावला जाणार, आणि तिकडची वाट एकदा कळली की सहसा परत फिरकत नाही. अशा माणसाला दहा हजार कमी करून तू काय देतोस? त्याला हवंय ते एवढंच, की मशीन बसेल तिथे नीट चालेल आणि फोन केला तर कुणीतरी उचलेल.

म्हणून केबिनमध्ये बोलायच्या आधी खोली बघ. बॅगेत मल्टिमीटर ठेव. जिथे मशीन बसणार तिथल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात किती व्होल्ट येतात ते मोज. दोन-तीनच्या आत असेल तर ठीक. अर्थिंग खराब असेल तर ईसीजीची रेघ थरथरते, आणि बदनाम होतं तुझं मशीन, वायरमन नव्हे. अर्थिंगचा खड्डा कुठाय, हे वॉर्डबॉयला विचार. बऱ्याचदा त्यावर फरशी तरी बसवलेली असते, नाहीतर तुळस लावलेली असते!

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचा स्टरिलायझर, द्यायचा असेल तर पाणी बघ. ओटीच्या सिस्टरना जुना स्टरिलायझर उघडून दाखवायला सांग. कॉइलवर पांढरा थर दिसला की समज, बोअरचं जड पाणी घालतात. नवी कॉइलही तशीच जळणार. डिस्टिल्ड वॉटरचा खर्च कोटेशनमध्ये आपणहून लिही. मॅनेजर म्हणेल, आकडा फुगलेला दिसतो. दिसू दे.

तसंच सीएमसीचं, म्हणजे वॉरंटीनंतरच्या देखभाल कराराचं. साध्या करारात, एएमसीत, पार्ट येत नाहीत, सीएमसीत येतात, हे सगळेच सांगतात. पण सोनोग्राफीचा प्रोब आणि एक्स-रे ट्यूब पुष्कळदा सीएमसीतूनही वगळलेली असते. ती बारीक अक्षरातली ओळ डॉक्टरांना तूच वाचून दाखव.

कानडी शीक. सीमाप्रश्नावर तुझं मत काही असो, बैलहोंगल-सौंदत्तीचा टेक्निशियन कानडीत बोलतो आणि मशीन तोच चालवतो. ‘हेंग इद्दीरी’ (कसे आहात) एवढ्यावर भागत नाही. कुठला दिवा लागला, आवाज कधीपासून येतोय, हे फोनवर त्याच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. कितीतरी कॉल तिथेच मिटतात, कुणाला गाडी काढायला लागत नाही.

डेमोपीस घेऊन गडहिंग्लज-चंदगडला निघालास तर डिलिव्हरी चलन सोबत ठेव, आणि माल 50,000 रुपयांच्या वरचा असेल तर माल वाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिलही काढ. आठवडी बाजाराच्या दिवशी कुठेच डेमो ठेवू नकोस. ओपीडी तुंबलेली असते.

आता सोनोग्राफी. 1994 चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा 2003 पासून आणखी कडक झाला. नोंदणी नसलेल्याला मशीन विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, फुकट वापरायलाही देता येत नाही. ‘दोन दिवस ठेवून जा, बघतो’ हेही त्यातच आलं. ‘मशीन बसवा, सर्टिफिकेट येईलच’ असं म्हणणारा भेटेल, आणि नेमका महिनाअखेरीला भेटेल, टार्गेट अडलेलं असताना. चहा पी आणि उठून ये. सर्टिफिकेटची प्रत हातात आल्याशिवाय गाडीतून खोकं उतरवायचं नाही. वरून फोन येतील, ‘ॲडजस्ट कर’ म्हणतील. ते लेखी मेलवर मागून घे, फोन आपोआप थांबतात. चौकशी लागली तर चलनावरची सही तुझी असते. मुली मारायच्या धंद्यात आपला हात नको, हे तर वेगळं सांगायला नको.

एक्स-रेवाल्यांना बांधकाम चालू असतानाच गाठ. भिंतीची जाडी, दाराला शिशाचा पत्रा, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, हे सगळं प्लॅस्टर व्हायच्या आधी बोलून झालेलं बरं. नंतर भिंत फोडायला सांगणारा सेल्समन कुणाला आवडतो?

संकेश्वरच्या डॉक्टरांचं कोटेशन पाठवायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर टाक. वॉरंटी संपल्यावरचा सीएमसीचा दर तू लिहिलायस का, तेवढं मला बघायचंय.

तुझा,
काका