‘माझं सिझरच करा’ असं डॉक्टरला आधीच सांगून ठेवू का?

तिचं वय 29, लग्नाला तीन वर्षं. मूल दोघांनाही हवं, पण ‘पुढच्या महिन्यापासून बघू’ म्हणत ती चालढकल करत आली होती. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, “ताई, दिवस राहायच्या आधीच डॉक्टरकडून कबूल करून घेता येईल का, की सिझरच करू म्हणून? तसं झालं तर मी आजपासून तयार आहे.” ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हा प्रश्न मात्र नागपुरात माझ्यासमोर बसणाऱ्या कित्येक मुलींचा आहे. काहीजणी तो उलट्या बाजूने विचारतात, की काहीही झालं तरी नॉर्मलच करणारा डॉक्टर सांगा. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी भीतीच असते.

घरात दोन तट होते. सासूबाई म्हणायच्या, आमच्याकडे सगळ्यांच्या नॉर्मलच झाल्या. मैत्रिणी म्हणायच्या, तारीख घे आणि मोकळी हो. “सगळे समजावूनच राहिले मला,” ती म्हणाली, “विचारत कोणीच नाही.”

म्हणून मी फायदे-तोटे सांगायच्या आधी विचारलं, भीती नेमकी कशाची? आधी म्हणाली, दुखण्याची. मग थांबली. मग मोठ्या बहिणीच्या बाळंतपणाचं निघालं. भर मे महिना, लेबर रूमच्या बाहेरच्या बाकावर ही रात्रभर बसलेली. दार उघडलं की ताईचा आवाज यायचा. आत घरचं कोणी नाही. एकदा आतल्या बाईचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं: “आता काहून ओरडतेस? तेव्हा नाही सुचलं का?” पहाटे बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझर करावं लागलं. सही जावयाची घेतली, आणि आपल्याला ऑपरेशनला का नेत आहेत हे त्या बहिणीला दुसऱ्या दिवशी कळलं. बाळ छान आहे, बहीणही बरी आहे. पण बाहेर बसलेली धाकटी अजून त्या बाकावरून उठलेली नाही.

आता या गोष्टीत दुखणं किती आणि बाकीचं किती? आम्ही कागदावर वेगळं काढलं. एकटं पडणं, अंगावर ओरडणं, काय चाललंय ते न सांगणं. यातली एकही गोष्ट सिझरची तारीख घेतल्याने आपोआप सुटत नाही. ऑपरेशनच्या टेबलावरही बाई एकटी पडू शकते. आणि प्रसूतीच्या वेळी अशी वागणूक कोणत्याही बाईला मिळता कामा नये, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती सोसायची रीत नाही. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत राहू शकते, अशा सूचना केंद्र सरकारने 2016 मध्येच दिल्या आहेत. सोबत कोणी असलं की कळा सोसणं सोपं जातं, सिझरची वेळही कमी येते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

दुखण्याचा प्रश्न उरलाच. त्याला पाठीतून द्यायचं, कळा कमी जाणवू देणारं इंजेक्शन म्हणजे एपिड्युरल आहे. त्याने सिझरची शक्यता वाढत नाही, फक्त जोर द्यायची वेळ थोडी लांबू शकते. अडचण वेगळीच आहे. त्यासाठी भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्रीही हजर हवा, आणि तो सगळीकडे नसतो. त्यामुळे ‘एपिड्युरल देता का’ एवढंच विचारू नका, ‘रात्री दोन वाजता देता का’ हे विचारा.

बहिणीचं सिझर आणि हिला हवं असलेलं सिझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही कोणी तिला सांगितलं नव्हतं. तासन्‌तास कळा देऊन घाईत करावं लागलेलं सिझर जास्त थकवतं, त्यात धोकेही जास्त. 39 आठवडे भरल्यावर ठरवून केलेलं त्यापेक्षा बरंच शांतपणे होतं. मात्र त्याआधी, मुहूर्त चांगला आहे म्हणून 37व्या आठवड्यात पोट उघडायला लावू नका. अशा बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, काचेत ठेवावं लागू शकतं. मुहूर्तासाठी अडून बसलेल्या घरच्यांशी मी या एका बाबतीत वाद घालते, आणि घालत राहणार.

मग मी विचारलं, “मुलं किती हवीत?”

“दोन.” नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच, “दोन्ही मुली झाल्या तर... घरचे काय म्हणतील माहीत नाही.”

नवरा खाली पाहत राहिला. ते बोलणं आम्ही पुढच्या भेटीसाठी ठेवलं आणि ते झालंही. पण सिझरचा विचार करताना याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वजन आहे. पहिलं सिझर आज बहुतेक वेळा सुरक्षित पार पडतं. हिशोब वाढतो तो पुढच्या खेपांना. गर्भपिशवीवरच्या व्रणात वार (प्लॅसेंटा) रुतून बसली तर ती सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. पहिल्या सिझरला वार अशी रुतण्याचा त्रास हजारात दोन-तीन जणींना होतो, चौथ्या सिझरपर्यंत शंभरात दोघींना. वार खालच्या बाजूला असेल आणि आधी दोन सिझर झाली असतील, तर शंभरात सुमारे 40 जणींना. म्हणजे दोन मुलांवर खरंच थांबणार असाल तर हा धोका लहान आहे. तिसऱ्याचा विचार मनात असेल तर तो आजच धरायला हवा.

एक सिझर झालं की पुढचंही सिझरच, असं नाही. योग्य प्रकरणात प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या 60 ते 80 जणींची नंतर नॉर्मल होते. जुना व्रण फाटण्याचा धोका हजारात पाचेक जणींना असतो, म्हणून तिथे ऑपरेशनची सोय तयार हवी.

नॉर्मलच्या बाजूचंही लपवून चालत नाही. टाके पडतात, काहीजणींचं फाटणं शौचाच्या जागेपर्यंत जातं, खोकताना-शिंकताना लघवी निसटण्याचा त्रास सिझरपेक्षा जास्त जणींना होतो. उलट उठणं-बसणं लवकर होतं, पोटावर जखम नसते. सिझरनंतर आयुष्यभर कंबर दुखते ती पाठीतल्या सुईमुळे, ही समजूत मात्र सोडून द्या.

“पण दवाखानेच सिझर करायला लावतात ना?” नवऱ्याने विचारलं. शंका बिनबुडाची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या प्रसूतींपैकी 47.4 टक्के सिझर होती, सरकारीत 14.3. पण आडवं बाळ, खाली आलेली वार, घसरलेले ठोके यांत सिझरच जीव वाचवतं. म्हणून सिझर का, आत्ताच का, थांबलो तर काय, हे विचारा. घाईच्या वेळीही चांगला डॉक्टर दोन वाक्यांत उत्तर देतो. पैशांची काळजी असेल तर नागपुरात डागा, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. सरकारी दवाखान्यात प्रसूती आणि सिझर दोन्ही मोफत मिळायला हवं, 2011 पासून तशी योजना आहे.

एक गोष्ट मात्र मी दोघांकडून लगेच करून घेतली, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. विदर्भात हे टाळू नये. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि ते दिवस राहायच्या आधी कळलेलं बरं. सोबत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, आणि फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासूनच.

त्यानंतर ती दोन दवाखाने पाहून आली. एकीकडे ‘आत कोणालाच सोडत नाही’ म्हणाले. दुसरीकडे डॉक्टरांनी लेबर रूम दाखवली, आई सोबत राहील हे मान्य केलं. दुसरा नक्की झाला. नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही. मीही घाई केलेली नाही. दिवस राहिल्यावर सातव्या महिन्यात आम्ही पुन्हा बसू. तेव्हाही भीती तितकीच असेल तर 39 आठवड्यांनंतरचं ठरवून केलेलं सिझर तिच्यासाठी योग्य ठरू शकतं, आणि डॉक्टरांशी ते बोलायला मी तिच्यासोबत जाईन.