ई. कोलायमध्ये बनवलेला आरबीडी पेलेटमध्येच का जातो?

तुमचा प्रश्न असा: कोरोना विषाणूच्या स्पाइक प्रोटीनचा आरबीडी (आपल्या पेशींना चिकटणारा तुकडा) ई. कोलाय या जिवाणूत बनवताय, प्रोटीन वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर बँड ठसठशीत येतो, पण पेशी फोडल्या की सगळं प्रोटीन पेलेटमध्ये, म्हणजे तळाशी बसणाऱ्या न विरघळलेल्या गाळात. तापमान १८ अंशांवर आणलं, आयपीटीजी (पेशींना प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) कमी केलं, तरी तेच.

माझं स्पष्ट मत, होस्ट, म्हणजे प्रोटीन बनवणारी पेशी, बदला. यात तुमच्या हाताचा दोष नाही. स्पाइकच्या ३१९ ते ५४१ क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या या तुकड्यात नऊ सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) आहेत आणि त्यांतल्या आठांच्या चार नेमक्या जोड्या डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी जुळाव्या लागतात. ई. कोलायच्या सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) हे बंध नीट तयार होत नाहीत. ३३१ आणि ३४३ या जागांवरची साखरही तिथे चढत नाही. युरियात विरघळवून रीफोल्ड करता येतं, म्हणजे घडी पुन्हा घालता येते, पण भलत्याच जोड्या जुळलेलं प्रोटीनसुद्धा विरघळलेलं राहू शकतं. नितळ द्रावणावर विश्वास ठेवू नका.

एचईके२९३ या मानवी पेशी परवडत असतील तर उत्तम. सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला पेशीबाहेर धाडणारा छोटा तुकडा) जोडलं की पेशी प्रोटीन थेट मीडियममध्ये सोडतात, त्या फोडाव्याच लागत नाहीत. प्रोटीन शुद्ध करणाऱ्या निकेल कॉलमवर चढवण्याआधी मीडियममध्ये ईडीटीए (धातू पकडणारा पदार्थ) नाही ना, ते बघा. तो निकेल ओढून घेतो आणि तुमचं प्रोटीन कॉलमला न चिकटता फ्लो-थ्रूमध्ये निघून जातं. नंतरचं जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार रेणू वेगळे करणं) कृपा करून टाळू नका, कारण नववा सिस्टीन. ५३८ व्या जागेवरच्या या सिस्टीनचा जोडीदार, ५९०, तुमच्या तुकड्यात नाहीच. मग असे दोन रेणू एकमेकांना धरतात आणि डायमर होतो.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजच्या गटाने पिचिया या यीस्टमध्ये आरबीडी बनवताना ५३८ वर ॲलानिन घातलं आणि ३३१ चं अ‍ॅस्पॅराजिन वगळलं. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ची कॉर्बेव्हॅक्स ही कोरोनाची लस याच कामातून आली. पैशांची ओढाताण असेल तर तुम्हीही पिचियाच घ्या.

एचईकेमधला बँड हिशोबापेक्षा वर, तीस किलोडाल्टनच्या पुढे दिसेल. ती साखर असते. साखर कापणारं एन्झाइम पीएनजेस एफ लावल्यावर तो खाली सरकायला हवा. पण घडी नीट पडली का, हे जेल सांगत नाही. त्यासाठी एलायझा या चाचणीत ते एसीई२ला (स्पाइक ज्याला चिकटतो त्या मानवी प्रोटीनला) चिकटतंय का ते तपासा, आणि शेजारच्या वेलमध्ये तेच प्रोटीन डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालून उकळून लावा. त्याचाही सिग्नल तेवढाच आला, तर ते बंधन खरं नाही.