वाचकांचे प्रश्न: दूध सोसत नाही, पण प्रोटीन तर हवंच

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे झाले. आधी रोज दोन कप चहा आणि रात्री पेलाभर दूध मजेत पचायचं. आता दुधात प्रोटीन पावडर घेतली की अर्ध्या-पाऊण तासात पोटात गुडगुड, कळा आणि जुलाब. आहारतज्ज्ञांनी दिवसाला 70 ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. मी अंडी खाते, मांस-मासे नाही. दूध सोडलं तर 70 ग्रॅम आणायचे कुठून? (वय 46, नाशिक)

आधी तुमचं दूध अचानक का बिनसलं ते पाहू. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं एंझाइम (पाचक रस), म्हणजे लॅक्टेज, लहान आतड्याच्या अस्तरात असतं, आणि मोठेपणी आपल्यापैकी अनेकांमध्ये ते कमीच असतं. पूर्वी जठर दूध थोडं थोडं पुढे सोडायचं, म्हणून असलेल्या लॅक्टेजवर भागत होतं. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे जातं, तेही झपाट्याने. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, पाणी ओढून घेतं आणि तिथले जंतू त्याचा गॅस करतात. कमतरता आधीचीच होती, ती आता उघडी पडली.

तरी सगळा दोष दुधावर ढकलण्याआधी एक चाचणी करा. तीन दिवस दूध, दुधाचा चहा आणि सध्याची पावडर पूर्ण बंद. चौथ्या दिवशी सकाळी 50 मिली बिनसाखरेचं साधं दूध सावकाश घ्या आणि तीन तास वाट पाहा. दुसऱ्या दिवशी 100 मिली. त्रास झाला, तर पोट शांत झाल्यावर तेवढंच लॅक्टोज-फ्री दूध घेऊन पाहा. साध्याने त्रास होतो आणि लॅक्टोज-फ्रीने नाही, तर गुन्हेगार लॅक्टोज. दोन्हींनी होत असेल तर कारण वेगळं आहे. ते सर्जनना सांगा. घाम, धडधड, चक्कर असं 10 ते 30 मिनिटांत होत असेल तर ते बहुधा डंपिंग, म्हणजे अन्न फार झपाट्याने आतड्यात उतरल्याचा त्रास, आणि त्यामागे बहुतेक वेळा साखर असते.

आता पावडरीचा डबा उलटा करून घटक वाचा. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. त्याच्या कमी गाळलेल्या प्रकारात, कॉन्सन्ट्रेटमध्ये, शंभर ग्रॅममागे साधारण 4 ते 8 ग्रॅम लॅक्टोज असतं, जास्त शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. तुम्ही कॉन्सन्ट्रेट घेत असाल, तरी खरा भार पावडरीचा नाही, ती ज्यात घोळता त्या दुधाचा: 200 मिलीत जवळपास 10 ग्रॅम. म्हणून आयसोलेट घ्या, आणि ते पाण्यात. उकळत्या पाण्यात टाकू नका, गुठळ्या होतात. पाणी कोमट किंवा गार हवं. घटकांत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल दिसलं तर तो डबा दुकानातच ठेवा, कारण त्यांनीही हुबेहूब असाच गॅस होतो. 'शुगर-फ्री' प्रोटीन बारमध्ये हे सर्रास असतं. कोलॅजन पावडरही यासाठी नको. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं.

तुमचा दिवस साधारण असा बसेल. सकाळी 30 ग्रॅमचा एक स्कूप 250 मिली पाण्यात, घोट घोट करत पाऊण तासात : 25 ग्रॅम. न्याहारीला दोन अंड्यांची मऊ, ओलसर भुर्जी : 12. दुपारी 60 ग्रॅम कुस्करलेलं पनीर आणि दोन-तीन चमचे घट्ट वरण : मिळून 14. चार वाजता 60 ग्रॅम बिनसाखरेचा चक्का : 5. रात्री 30 ग्रॅम मुगाचं मऊ घावन : 7. बेरीज 63. संध्याकाळी अर्धा स्कूप घेतलात की 75. दोन अंडी एका बैठकीत संपत नसतील तर दीड तासाने उरलेलं खा, बळजबरी नको. जेवताना पाणी नाही, आणि नंतरही अर्धा तास नाही. पातळ वरणाची वाटी फसवी असते : पोट भरतं, प्रोटीन जेमतेम तीन-चार ग्रॅम.

पनीर आणि चक्का दुधाचेच असून चालतात, कारण लॅक्टोज पाण्यात विरघळतं आणि बरंचसं निवळीबरोबर निघून जातं. अर्धा किलो दही पंच्यात बांधून फ्रीजमध्ये पाच-सहा तास टांगा. एरवी आम्ही निवळीत कणीक भिजवायला सांगतो. इथे तिचा मोह सोडा, घरातल्या बाकीच्यांच्या पोळ्यांना वापरा. श्रीखंड मात्र नको. त्यात लॅक्टोज कमी असलं तरी साखर डंपिंगला आमंत्रण देते. खवा, पेढे यांत दोन्ही संकटं एकत्र.

प्रश्न : सासऱ्यांची स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याची) शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांना ताक सोसतं, पण कढी प्यायली की पोट फुगतं. दोन्ही दह्याचीच ना? (पुणे)

दह्याचीच, पण विरजणातले जिवंत जंतू स्वतःचं एंझाइम घेऊन येतात आणि ते आतड्यात लॅक्टोज फोडायला मदत करतं. कढी उकळली की जंतूही जातात आणि एंझाइमही. लॅक्टोज तेवढंच राहतं, वर बेसन. ताक त्यांना खुशाल द्या, मात्र पातळ ताकात प्रोटीन फार नसतं, ते हिशेबात मोठं धरू नका.

प्रश्न : लॅक्टेजच्या गोळ्या आणल्या, काही फरक नाही. (ठाणे)

बहुतेक वेळा चूक वेळेची असते. गोळी दूध पिण्याच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायची. अर्धा तास आधी नाही, आणि कळा सुरू झाल्यावर तर नाहीच. शस्त्रक्रियेनंतर एक पेला तासभर पीत बसलात, तर सुरुवातीला घेतलेली गोळी शेवटच्या घोटांपर्यंत पुरत नाही. चावायची गोळी बरी पडते. डब्यावर युनिट पाहा : बाजारात साधारण 3000 ते 9000 एफसीसी युनिटच्या (हे लॅक्टेजची ताकद मोजण्याचं एकक) गोळ्या मिळतात, आणि छोटी गोळी मोठ्या पेल्याला कमी पडते. लॅक्टोज-फ्री दूध गोड लागतं, कारण लॅक्टोज आधीच ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फोडलेलं असतं. वर साखर घालू नका. आणि एक महत्त्वाचं : दुधाची ॲलर्जी असेल तर यातलं काहीच लागू नाही. ती प्रोटीनची असते, लॅक्टोजची नाही. आयसोलेटही चालणार नाही.

प्रश्न : दूध बंद केल्यावर कॅल्शियमचं काय? आणि चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळताहेत. (कोल्हापूर)

नाचणीवर भिस्त ठेवू नका. चांगली आहे, पण या शस्त्रक्रियांनंतर लागणारं कॅल्शियम लहानशा पोटाच्या जेवणातून पुरं पडत नाही. दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम (जेवणातलं धरून), गोळी शक्यतो सायट्रेटची, कारण कार्बोनेटला आम्ल लागतं आणि ते आता कमी आहे. एका वेळी 500-600 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास अंतर ठेवा. नेमका डोस तुमच्या रक्त तपासणीवर ठरेल.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, ते बव्हंशी झटपट वजन उतरल्यामुळे, आणि परत येतात. सहा महिन्यांनंतरही थांबले नाहीत तर प्रोटीन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक आणि बी-12 तपासून घ्या. पायांवर सूज, जिना चढताना मांड्या लटपटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा रक्त दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. सतत उलट्या होऊन काहीच पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी सर्जनना गाठा. अशा वेळी थायमिन, म्हणजे बी-1, लवकर घटतं आणि उशीर मज्जातंतूंना भोवतो.