बेळवणिगे: वाढ की विकास?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंनी विचारलंय: वर पाठवायची माहिती कन्नडमध्ये आणि आयांशी बोलणं मराठीत, तेव्हा 'मक्कळ बेळवणिगे' म्हणजे मुलांची वाढ की विकास? खात्याच्या नावातली 'अभिवृद्धी' तशीच उचलली तर चालेल का? आणि 'परिपक्वता' यात कुठे बसते?

अभिवृद्धीचं आधी सांगतो, ताई. नका उचलू. बंगळूरचं 'महिळा मत्तु मक्कळ अभिवृद्धि इलाखे' म्हणजेच मुंबईचा 'महिला व बाल विकास विभाग'. शब्द दोघांनीही संस्कृतातूनच आणले, पण कामं वेगवेगळी दिली. मराठीत अभिवृद्धी म्हणजे नुसती भर पडणं, आणि ती बाळाला नाही, ठेवींना पडते. विकासाचंही तसंच: कन्नडचा 'विकासवाद' म्हणजे आपला उत्क्रांतिवाद.

बेळवणिगेचं मूळ 'बेळे', म्हणजे वाढणे. शेतातलं पीकही बेळेच. (कन्नडमध्ये डाळीलाही 'बेळे' म्हणतात, पण त्यातला 'बे' लांब, हा आखूड, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सांगितलं.) रोजच्या बोलण्यात बेळवणिगे वाढ आणि विकास दोन्ही पोटात घालते. शिक्षकांच्या पुस्तकात मात्र 'बेळवणिगे मत्तु विकास' अशी जोडी येते, तिथे आपली 'वाढ आणि विकास' बिनबोभाट बसते.

आता या दोघांत फरक काय? वाढ काट्यावर आणि टेपवर दिसते. साधारण 3 किलोचं बाळ पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षाचं होईतो तिप्पट भरतं. उंची 50 सेंटीमीटरवरून 75 च्या आसपास जाते. विकास म्हणजे कालपर्यंत जमत नव्हतं ते जमू लागणं. चार महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळ्यावर फडकं टाका, त्याच्या लेखी खुळखुळा संपला. आठ-नऊ महिन्यांचं झालं की तेच बाळ फडकं ओढून खुळखुळा काढतं. वस्तू दिसेनाशी झाली तरी असते, हे त्याला उमगलेलं असतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी बालमानसशास्त्रात ज्या गोष्टी ठळक केल्या, त्यांतली ही एक. काट्यावर त्या दिवशी काहीच वेगळं दिसत नाही.

हा भेद आयांना शिकवावा लागत नाही. बाळसं धरलं, अंगानं भरलं, उफाड्याचं आहे, वाढ खुंटली: ही सगळी वाढ. मान धरली, पालथं पडलं, रांगतंय, माणूस ओळखतंय, कळतं झालं: हा विकास. 'अंगानं झालंय हो, पण बोलंना अजून', या एका वाक्यात आई दोन्ही सांगून मोकळी होते. वजनाच्या तक्त्यावर हिरव्या (म्हणजे ठीक वजनाच्या) पट्ट्यात असलेलं मूल बोलण्यात मागे असू शकतं, ते तिला दिसतंय. उलट तीन वर्षांचं उफाड्याचं पोरगं पाचाचं दिसतं आणि 'एवढा घोडा झालास' म्हणून उगाच बोलणी खातं.

परिपक्वता म्हणजे शरीर आणि मेंदू आतून तयार होणं, शिकवण्यावर न अडणारा भाग. अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ गेझेल यांनी 1929 मध्ये जुळ्या बहिणींपैकी एकीला 46 व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायला शिकवलं, दुसरीला 53 व्या आठवड्यापासून फक्त दोन. दुसरीनं पहिलीला लवकरच गाठलं. पांगुळगाडा घाईनं आणणाऱ्या आजोबांना हे जरूर सांगा. मात्र बोलण्याला हे जसंच्या तसं लावू नका. भाषा कानावर पडावीच लागते.

तेव्हा वजन-उंचीच्या रकान्यावर 'वाढ', बोलणं-चालणं-ओळखणं नोंदवता तिथे 'विकास', आणि कन्नड अर्जात एकटंच 'बेळवणिगे' असेल तर खालचे रकाने पाहून ठरवा. आयांना मात्र 'विकास कसा आहे?' विचारू नका. 'मान धरली का? हाक मारली की वळून बघतंय का?' असं विचारा.