चिऊ-काऊची गोष्ट व्हॉट्सॲप चॅटमध्ये कशी बसवायची?

तुमचा प्रश्न असा: नागपुरातल्या शाळेच्या भित्तीपत्रकासाठी सातवीची मुलं चिऊ-काऊची गोष्ट व्हॉट्सॲप चॅटच्या रूपात लिहितायत, पण हाती येतात ते नुसते इमोजी आणि पाचकळ विनोद. काय करावं?

गोष्ट तुम्ही नेमकी निवडलीय. तिचा सगळा जीव ताटकळत ठेवण्यात आहे: ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’, ‘थांब, तीट लावू दे’. चॅटमध्ये प्रत्येक मेसेजला वेळ छापलेली असते, म्हणून हा उशीर शब्दांत सांगावा लागत नाही. मुलांचं बिनसतं ते इथेच. वेळा भरायच्या म्हणून भरतात, ७:०१, ७:०२, ७:०३. काऊचं उत्तर दर वेळी दोन मिनिटांत येऊ द्या आणि चिऊचं उत्तर आधी पाच, मग बारा, मग पंचवीस मिनिटांनी.

त्याआधी एक ठरवा: फोन कोणाचा? माझं मत चिऊच्या फोनला. टिका फक्त आपण पाठवलेल्या मेसेजला दिसतात, समोरच्याच्या नाही. मुलं हमखास दोन्ही बाजूंना काढतात. एक टिक म्हणजे गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला (समोरच्याने ते सेटिंग बंद केलं नसेल तर). म्हणजे चिऊचे सगळे ‘थांब’ निळे. शेवटी ती लिहिते, ‘ये, दार उघडलं.’ तिथे एकच टिक. त्याखाली काहीही लिहू देऊ नका, तात्पर्य तर नाहीच.

‘चिऊताई, दार उघड’ हे पालुपद तिन्ही वेळा जसंच्या तसं ठेवा. फरक त्याच्या आगेमागे करा. पहिल्यांदा पुढे ‘पाणी घरात शिरून राहिलं’ हवं, दुसऱ्यांदा पाण्याचा फोटो, तिसऱ्यांदा नुसतं पालुपद. काऊला नागपुरी बोलू द्या, पण वाक्यागणिक ‘बे’ घालू नका. ताईला कोणी बे म्हणत नाही.

विनोदाचं म्हणाल तर तो मुलांना दटावून जाणार नाही, जागा बदलली की जाईल. काऊचं घर नाग नदीच्या काठी ठेवा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरलं, ते अनेकांच्या घरी अजून बोललं जातं. मात्र तीच रात्र घेतली तर चिऊच्या सबबी बदलाव्या लागतील. पहाटे तीनला बाळाला कोण न्हाऊ घालतं? ‘आत्ताच झोपलंय, उठेल’ चालेल. आणि वर्गात कोणाच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं का, हे आधी हळूच विचारून घ्या; असेल तर साधी जुलैतली संध्याकाळ बरी.

सगळे मिळून १५ मेसेज पुरेत. ए-३ कागदावर अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, ओळींमधलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात. टायपिंग युनिकोडमध्येच करा. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर फोनवर नेला की त्याची अगम्य चिन्हं होतात.

दुसऱ्या गटांना चॅटच हवं असेल तर माकड-मगरीची गोष्ट देऊ नका. माकड मगरीच्या पाठीवर, भर पाण्यात असताना काळजाची गोष्ट निघते, म्हणून तर ते अडकतं. फोनवर कळलं असतं तर झाडावरून उतरलंच नसतं. ती माकडाच्या पोलीस जबाबात छान बसते. ‘लांडगा आला रे’ ११२ या आपत्कालीन क्रमांकाच्या नोंदवहीत: पहिली नोंद पाच ओळींची, दुसरी दोन, तिसरी ‘तोच मुलगा’. कोल्हा आणि द्राक्षं एका स्टारच्या रिव्ह्यूत, चव न घेता लिहिलेल्या.

लोककथा सगळ्यांच्या आहेत, पण एखाद्या पुस्तकातली वाक्यं आणि चित्रं नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, तेव्हा चित्रं मुलांनाच काढू द्या.