सिडनीत भाड्याच्या घराच्या अंगणात हवा भरायचा स्विमिंग पूल ठेवला तर फेन्स आणि परवानगी लागते का? आमची मुलगी दोन वर्षांची आहे.

फेन्स बहुतेक लागेलच, आणि तुमची मुलगी दोन वर्षांची आहे म्हणताय म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये 1992 चा स्विमिंग पूल्स अ‍ॅक्ट (कायदा) आहे. त्यात ज्याच्यात 30 सेंटीमीटरपेक्षा जास्त खोल पाणी भरता येतं ते सगळं पूलच धरतात, मग ते जमिनीत खणलेलं असो की दुकानातून आणून हवा भरलेलं, आणि आम्ही अर्धाच भरतो असं सांगून चालत नाही कारण किती भरता येतं ते बघतात. 2000 लिटरच्या आतला असेल तर कौन्सिलची (तिथल्या नगरपालिकेची) वेगळी परवानगी सहसा लागत नाही पण फेन्स सुटत नाही, आणि ती पाणी भरायच्या आधी हवी.

फेन्स किमान 1.2 मीटर उंच, खाली आणि दोन गजांमध्ये 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, गेट पूलच्या बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि सोडलं की आपोआप बंद होऊन लॅच लागणारं. गेटला वीट लावून ते उघडं ठेवणं तर कधीच करू नका प्लीज.

आता जे कुणी सांगत नाही ते. आमच्याकडे पूल नियमांप्रमाणे आहे या सर्टिफिकेटसाठी इन्स्पेक्टर आला तेव्हा फेन्स, गेट सगळं बरोबर होतं, पण बाहेरून फेन्सला लागून तुळशीची मोठी कुंडी होती, मीच ठेवलेली, ऊन चांगलं यायचं तिथे. त्यावर पाय ठेवून मूल सहज आत जाईल म्हणून फेल केलं, आणि त्याचं बरोबरच होतं, माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, खुर्ची ओढत नेऊन ओट्यावर चढायचा. फेन्सपासून 90 सेंटीमीटरच्या आत कुंडी, खुर्ची, बार्बेक्यू, सायकल काहीही नको.

घर भाड्याचं आहे तर मालकाला आधी लेखी विचारा. पूल ऑनलाइन रजिस्टर करावा लागतो (फुकट आहे), आणि पूलवालं घर भाड्याने द्यायचं तर मालकाला सर्टिफिकेट लागतं, ते तीन वर्षं चालतं.

एवढ्यासाठी फेन्स घालणं जमणार नसेल तर 30 सेंटीमीटरपेक्षा उथळ टब घ्या, पण मुलगी पाण्यात असेपर्यंत हाताच्या अंतरावर बसा, फोन घरात ठेवून. खेळ झाला की लगेच पाणी झाडांना घालून टब पालथा घाला, पावसाचं पाणीसुद्धा त्यात साचू देऊ नका.